मेलेल्या बाईची दरखास्त

त्या बाईचा चेहरा आता मला नीट आठवत नाही, पण तिचं प्रकरण मात्र अजून जसंच्या तसं डोळ्यासमोर आहे. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले बरेच आता पुसट झाले. हे प्रकरण साधं नाव बदलायचं होतं. रक्ताचा थेंब सांडला नाही, कुणी तुरुंगात गेलं नाही. तरी मनातून जात नाही ते हेच.

कुणाची खरी नावं सांगणार नाही. आता गंमत अशी, की प्रकरणच नावाचं. तेव्हा बाईची दोन नावं तरी सांगावीच लागतील, आणि तीही मी बदलली आहेत. माहेरचं नाव सगुणा म्हणू, सासरचं भागीरथी. ठाण्याचं नाव मात्र विचारू नका.

निजामी अंमल होता. भोकरदनच्या बाजूच्या एका ठाण्यावर मी अमीन होतो, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार. हाताखाली एक जमादार, सहा जवान आणि एक घोडं. त्या घोड्याची नोकरी माझ्यापेक्षा जास्त झालेली होती. सगळा कारभार उर्दूत चालायचा. मी मराठी घरातला, पण शाळा उर्दूत झाली असल्यानं लिहिताना अडत नसे. सकाळी हजेरी घ्यायची, रोजनामचा म्हणजे ठाण्याची दिवसाची नोंदवही लिहायची, मग गावोगावचे पोलीस पाटील काय खबर आणतात ते ऐकत बसायचं. दहातल्या नऊ खबरा बांध, बैल आणि भाऊबंदकीच्या.

मला त्या वेळी एका गोष्टीची फार घमेंड होती. माझी चौकशी आमनेसामने चालायची. फिर्यादी आणि आरोपी, दोघांना एकाच सतरंजीवर समोरासमोर बसवायचं आणि सवाल विचारायचे. खोटं बोलणारा माणूस पोलिसासमोर अडखळत नाही. ज्याला त्याचं घर माहीत आहे त्याच्यासमोर मात्र हमखास अडखळतो, असा माझा अनुभव होता. वरिष्ठांनीसुद्धा या पद्धतीची तारीफ केलेली. मग काय विचारता, मी चढलोच होतो.

पितृपक्षाचे दिवस होते आणि त्या दिवशी बाजार होता. केदारखेड्याकडचा एक शेतकरी ठाण्यात आला. चाळिशीचा, फेटा स्वच्छ, बोलणं दबक्या आवाजात. बाकीचे लोक जाईपर्यंत तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि मग पुढे आला.

"साहेब, परवाच्या दिवशी तहसीलीत एक मेलेली बाई येऊन राह्यली."

मी लेखणी खाली ठेवली. "काय म्हणालास?"

"माझी चुलत बहीण. तिला मरून बावीस वर्सं झाली. अन् आता ती जमीन नावावर करून मागायली."

हकीकत अशी होती. त्याचा काका उन्हाळ्यात वारला होता. काकाला मुलगा नव्हता, एकुलती एक मुलगी सगुणा. बायको मुलीच्या लहानपणीच गेली होती. काकानं हयातीतच तहसीलीत लिहून ठेवलं होतं, की माझ्यामागे जमीन माझ्या मुलीला मिळावी. त्या काळी शेतसारा ज्याच्या नावानं भरला जायचा त्याचं नाव सरकारी पट्ट्यावर असायचं. आता एका बाईनं तहसीलीत दरखास्त दिली होती, की सगुणा ती मीच, लग्नात माझं नाव भागीरथी ठेवलं, तेव्हा पट्ट्यावर माझं आताचं नाव लावावं.

यात वावगं काहीच नव्हतं. लग्नात नवरा ताटात तांदूळ पसरतो आणि अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. पोरगी सकाळी एका नावाची असते, संध्याकाळी दुसऱ्या. सरकारी दप्तराला मात्र सकाळचीच पोरगी ठाऊक असते. अशा दरखास्ती महिन्याला दोन-चार यायच्या आणि पाटलाच्या एका जबानीवर मंजूर व्हायच्या.

"सगुणा मेली हे तुला कसं कळलं?"

"आमच्या गावच्या माणसाला अंबडच्या बाजारात कळल्तं. त्या घरची सून गेली म्हणून. काकानं कबूल केलं न्हाई कधी. ती सुखात हाय, एवढंच म्हणायचा. पण साहेब, पोरगी लगीन होऊन गेली ती एकदा बी माहेराला आली न्हाई. पंचमीला न्हाई, दिवाळीला न्हाई. जिती पोरगी बावीस वर्सं माहेराला येत न्हाई व्हय?"

हे मात्र मला पटलं. आमच्याकडे पंचमीला लेक आली नाही तर गाव दारात येऊन विचारतं.

"मग दरखास्त देणारी ही कोण?"

"दुसरी बायको असंल त्याची. शिकवून पाठविली."

"आणि ती खोटी ठरली तर जमीन कुणाला?"

"मलाच की. दुसरं हाय कोण?" तो बिलकुल लाजला नाही. तक्रार करणाऱ्यावर आधी शक घ्यायचा ही माझी सवय, म्हणून त्याचंही नाव मी मनात टिपून ठेवलं. पण बावीस वर्षांचा मुद्दा डोक्यात रुतून बसला तो बसलाच.

दुसऱ्या दिवशी तहसीलदारांचा लेखी हुकूम आला. तोतयेगिरीचा संशय आहे, अमीनानं तहकीकात करून अहवाल द्यावा. बाई खरी ठरली तर बापाची जमीन तिची. खोटी ठरली तर जमीन चुलत भावाची आणि बाईला सरळ कैद. मी जमादाराला म्हणालो, "बाई सुनावणीला तहसीलीत पाय ठेवण्याआधी इकडे आण."

ती आली. तिशीची, उन्हानं रापलेली, ताठ चालणारी. भाड्याची बैलगाडी करून एकटीच आली होती. मला ते खटकलं.

"नवरा का नाही आला?"

"लकवा झालाय. बसून असत्यात. बोलणं बी कळत न्हाई."

"सासरचं दुसरं कुणी?"

"मोठं कुणी न्हाई. दोन लेकी हायेत."

वा! नवरा बोलू शकत नाही, मोठं कुणी नाही, बाप मेलेला. म्हणजे हिला ओळखणारं माणूस एक नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. मी सतरंजी टाकायला सांगितली. एका बाजूला बाई, तिच्या समोर चुलत भाऊ, त्याच्या शेजारी गावचे दोन म्हातारे पंच, दाराशी जमादार आणि दोन जवान, आणि मी खुर्चीवर.

"तुझ्या बापाच्या घराचं दार कोणत्या दिशेला?"

"उगवतीला. पण उंबऱ्याच्या आत चूल दिसती म्हणून बानं आडवी भिंत घातलेली."

पंचांनी माना हलवल्या. मी तिला बैलांचे रंग विचारले, शेताच्या वाटेवरचा देव विचारला. सगळं बराबर आलं.

"विहिरीला पायऱ्या किती?"

"ते ठाव न्हाई. मला मोजता येत नव्हतं तवा. खाली उतरायला भ्यायची मी."

आज वाटतं, हे उत्तर पाठ करून कुणाला देता येणार नाही. तेव्हा मला काय वाटलं असेल? मला वाटलं, शिकवणारा मोठा हुशार दिसतो. पंचांपैकी एक म्हातारा पुटपुटला, "नाक तर बराबर तिच्या बासारखं हाय." मी त्याच्यावर डाफरलो. "नाकावर पट्टा लागत नसतो, आजोबा!" जवान हसले. माझी छाती आणखी फुगली.

मग मी हुकमी सवाल टाकला. "बावीस वर्षं माहेरी का आली नाहीस?"

तिनं एकदा चुलत भावाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "बा नेत नव्हता."

"का नेत नव्हता?"

ती सतरंजीचा दोरा ओढत बसली. मी आवाज चढवला. घाम पुसायला तिनं पदर ओढला आणि तेवढ्यात तिच्या गळ्यात काळ्या मण्यांच्या जोडीला दुसऱ्या दोऱ्यात ओवलेला एक चांदीचा टाक दिसला. नखाएवढा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली.

आमच्याकडे हा टाक म्हणजे काय ते लहान पोरीलाही ठाऊक असतं. एखाद्याची पहिली बायको वारली आणि त्यानं दुसरं लग्न केलं, तर नव्या नवरीच्या गळ्यात त्या मेलेल्या सवतीचा टाक बांधतात. रोज तिला हळदकुंकू लावायचं, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं. टाक काढला तर सवत रुसते आणि ते पोराबाळांवर येतं, असं बायका मानतात.

चुलत भावानं सतरंजीवर हात आपटला. "बघा साहेब! म्या म्हणालो व्हतो ना? दुसरी हाय ही! तो टाक सगुणाचा हाय!"

मला तर आकाश ठेंगणं झालं. अर्ध्या तासात प्रकरण उलगडलं! मी तिला विचारलं, "हा टाक कुणाचा?"

तिनं पदर घट्ट ओढून घेतला. पुन्हा चुलत भावाकडे पाहिलं.

"खरं सांग. नाहीतर टाक मुद्देमाल म्हणून जप्त करीन."

"साहेब, त्याला हात लावू नगा. माझ्या लेकींवर येईल."

"मग कुणाचा ते बोल."

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही आणि बोललीही नाही. मी जमादाराच्या बायकोला बोलावलं. तिनं कपाळाला हात लावून, पुटपुटत, तो दोरा सोडला. मी टाक फडक्यात बांधून वर लाखेची मोहोर केली. बाई एवढंच म्हणाली, "आता जे व्हईल ते तुमच्या माथी." असले शाप पोलिसाला रोज ऐकावे लागतात. मी हसलो.

ठाण्यात बाईला ठेवायची सोय नव्हती, म्हणून जमादाराच्या घरी नजरेखाली बसवली. रोजनामच्यात लिहिलं, "संशयित स्त्रीस समज देऊन थांबवून घेतले." जमादाराची बायको सांगायची, की ती पाणी पिते, भाकरीला शिवत नाही.

दुसऱ्या दिवशी जमादार आला. "साहेब, बाई म्हणायली नवमीला तरी घरी जाऊ द्या. पान वाढायचं राहील."

पितृपक्षातली नवमी ही अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी मेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी घरात पान वाढतात, एखाद्या सवाष्णीला जेवू घालतात, लुगडं देतात. मी म्हणालो, "पळायचा बेत आहे. सोडायची नाही."

जमादार गेला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, पान म्हणजे नावानं वाढायचं! ज्या घरात हिच्या सवतीचं पान वाढतात, तिथे त्याच दिवशी जाऊन ऐकायचं, की नाव कुणाचं घेतात आणि तिचं माहेर कुठलं सांगतात. तिचं माहेर केदारखेड्याकडचं निघालं की प्रकरण खलास. बाईनं आपल्याच तोंडानं स्वतःविरुद्धचा पुरावा माझ्या हातात दिला होता. मी इतका खूश झालो, की जवानांना चहा पाजला.

आदल्या दिवशी निघून जालन्यावरून अंबडपर्यंत मोटारीनं गेलो, पहाटे टांग्यानं घनसावंगी गाठली आणि पुढे पाटलाचं घोडं घेऊन दुपारपर्यंत गोदाकाठच्या त्या गावात पोचलो. कुणाला आधी कळवलं नव्हतं. कळवलं तर लोक साक्ष जुळवून ठेवतात.

घर मध्यम, सारवलेलं. आत बाजेवर नवरा पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. मला पाहून तो काहीतरी बोलायला लागला, शब्द कळेनात. लेकींनी स्वयंपाक करून ठेवला होता, शेजारची सवाष्ण येऊन बसली होती, पण पान वाढलेलं नव्हतं. ओट्यावर पन्नाशीचा एक माणूस मांडी घालून बसला होता. पायावर धूळ, मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं लुगडं.

मी दरडावलं, "तू कोण?"

तो उठून उभा राहिला. "या घरचा पाव्हणा, साहेब. दर सालाला नवमीला येतो. माझ्या बहिणीचं पान असतंय."

मी मनात म्हणालो, सापडला! "बहिणीचं नाव?"

"रखमा. बाळंतपणात गेली."

"माहेर कुठलं तिचं?"

"आमचंच गाव की. पैठणच्या अलीकडं."

"केदारखेड्याकडचं नाही?"

"न्हाई न्हाई. केदारखेड्याकडचं तर भागीरथीताईचं माहेर."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तरी हट्ट सुटेना. मी म्हणालो, "तिथली तर सगुणा होती."

तो चकित होऊन माझ्याकडे बघायला लागला. "सगुणा ताईचंच लहानपणचं नाव, साहेब. तुमाला कसं ठाव? इथं तर कुणालाच म्हाईत न्हाई."

मी ओट्यावर बसलो. मग त्यानं सगळं सांगितलं.

त्याची बहीण रखमा ही या घरची पहिली सून. तीच मेली होती, आणि अंबडच्या बाजारात वर्ष-दीड वर्षानं जी शिळी बातमी कळली ती तिची होती. ती गेल्यावर वर्षभरानं बाजेवरच्या त्या नवऱ्यानं सगुणेशी लग्न केलं. सगुणेच्या बापाला बिजवर जावई नको होता. त्याच्या भावानं आपली मुलगी एका बिजवराला दिली होती, तेव्हा यानं चारचौघांत भावाला वाट्टेल ते बोलून त्याच्या घरचं पाणी सोडलं होतं. त्या भावाचा मुलगा म्हणजेच माझा खबऱ्या, तो चुलत भाऊ. आणि मग सगुणेच्या बापाची स्वतःची बायको मेली, घरात बाईमाणूस नाही, पोर सांभाळायला कुणी नाही, त्यात हे चांगलं स्थळ आलं. फक्त नवरा बिजवर. बापानं गावात सांगितलं, की नवरा प्रथमवर आहे. लग्न इकडेच उरकलं, गावातून कुणाला आणलं नाही.

"लग्नात ताईच्या वडलांनी आमच्या बासमोर हात जोडले," तो माणूस म्हणाला. "माझी अब्रू झाका म्हणाले. गावात कळलं तर भावाला तोंड दाखवता येणार न्हाई. पोरीला बी शपथ घातली."

"म्हणून माहेरी नेली नाही?"

"टाक असतोय की गळ्यात. काढता येत न्हाई. माहेराला गेली असती, नदीवर चार बायकांत बसली असती, तर लगेच दिसलं असतं. मंग तेच यायचे वर्सातून दोनदा. पोरीला बघून, रडून जायचे."

बावीस वर्षं ती माहेरी का गेली नाही, याचं उत्तर मी लाखेनं मोहोरबंद करून ठाण्याच्या पेटीत ठेवलं होतं.

त्यानं विचारलं, "ताई कुठाय साहेब? ती आल्याबगर पान वाढायचं न्हाई म्हणून बसून राह्यलो."

"माझ्या ठाण्यात आहे."

तो जरा मागे सरकला. "टाक तरी हाय ना तिच्या गळ्यात?"

"आहे," मी म्हणालो. नोकरीत मी पुष्कळ खोटं ऐकलं आणि कामासाठी थोडं बोललोही. पण या एका शब्दाची लाज मला अजून वाटते.

पान मोठ्या लेकीनं वाढलं. मी ओट्यावरून हललो नाही. जेवण झाल्यावर त्या माणसाला बरोबर घेतलं आणि निघालो. ठाण्यात आल्याबरोबर मोहोर फोडली आणि टाक जमादाराच्या बायकोच्या हाती दिला. तिनं हळदकुंकू लावून तो पुन्हा बाईच्या गळ्यात बांधला. बाईनं माझ्याकडे पाहिलं नाही.

तहसीलीत सुनावणी झाली. चुलत भाऊ, ते दोन पंच, कामाला आलेले दहावीस लोक, सगळे हजर. पेशकार म्हणजे तहसीलदारांचा कारकून जबानी लिहायला बसला.

"गवाहाचं बाईशी नातं?"

"भाऊ," तो पैठणकडचा माणूस म्हणाला.

"सख्खा की चुलत?"

"त्यातलं कुठलंच न्हाई, साहेब."

पेशकार वैतागला. "मग भाऊ कसला? कागदावर काय लिहू?"

त्या माणसानं बाईच्या गळ्याकडे बोट केलं. "माझी बहीण तिच्या गळ्यात हाय. ज्या दिवशी बांधली, त्या दिवसापास्नं ही बी आमच्या घरची लेक. आता तुमीच सांगा, म्या हिचा कोण?"

पेशकारानं तहसीलदारांकडे पाहिलं. तहसीलदार म्हणाले, "भाऊ लिहा."

मग जबानी मोठ्यानं वाचून दाखवण्यात आली, कारण कायदाच तसा होता. बाप कसा बिजवराला मुलगी द्यायला तयार झाला, त्यानं हात कसे जोडले, शपथ कशी घातली, सगळं. पेशकार उर्दूत वाचायचा आणि लोकांना कळावं म्हणून पुन्हा मराठीत सांगायचा. बाई पदर तोंडावर धरून उभी होती. मी भिंतीशी उभा होतो.

चुलत भाऊ आधी पांढराफटक पडला, मग लाल झाला. तो ओरडला नाही. दबक्या आवाजात म्हणाला, "आमची ताई बिजवराला दिली तवा काका मांडवात आला न्हाई. ताई रडत गेल्ती, साहेब. सासरी जाईस्तोवर दाराकडं बघत व्हती, काका येईल म्हणून. अन् त्यानं सोताची पोरगी..." त्यानं आपली हरकत काढून घेतली, अंगठा दिला आणि कुणाकडे न बघता निघून गेला. माणूस लबाड नव्हता. त्याला जे खरं असावंसं वाटलं ते त्यानं पडताळून पाहिलं नाही, इतकंच. मीही तेच केलं होतं, आणि मला तर पडताळण्याचा पगार मिळत होता.

पेशकारानं बाईला विचारलं, पट्ट्यावर कोणतं नाव लावू. ती म्हणाली, "बानं ठेवलेलं बी राहू द्या. अन् लोक हाक मारतेत ते बी लिवा." नोंद झाली, "भागीरथी, पूर्वीचं नाव सगुणा." तिथे तिनं अंगठा उठवला आणि कायद्याच्या दृष्टीनं ती जिवंत झाली.

बाहेर गाडी जुंपलेली होती. मी मुद्दाम तिकडे गेलो. काहीतरी बोलावं असं वाटत होतं. म्हणालो, "बाई, पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस तर एवढं झालं नसतं."

तिनं पहिल्यांदा सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"मला एकटीला इचारलं असतं तर सांगितलं असतं की, साहेब. तुमी त्याला म्होरं बसविलं. ज्याच्यापास्नं झाकायचं, त्याच्याच म्होरं इचारलं. बानं मरेस्तोवर झाकलं. म्या बावीस वर्सं माहेराचं पाणी पेलं न्हाई. अन् तुमी एका दिसात तहसीलीत वाचून दाखविलं."

ती गाडीत बसली. तिचा तो भाऊ लुगड्याचं गाठोडं घेऊन मागे चढला. गाडी नजरेआड होईपर्यंत मी तिथेच उभा होतो, आणि जमादार जरा लांब उभा राहून जोड्यावरची धूळ झटकत होता.

महिनाभरानं वरिष्ठांचा शेरा आला. अवघड प्रकरणाचा छडा अमीनानं मोठ्या चिकाटीनं लावला, म्हणून शाबासकी. माझ्या नोकरीच्या कागदांत तो शेरा अजून असेल. आमनेसामने बसवणं मी पुढेही पुरतं सोडलं नाही; चोराला, दरोडेखोराला बसवत राहिलो. पण त्याआधी प्रत्येकाला एकट्याला आत बोलवायचो आणि विचारायचो, की कोण समोर नसलं तर बोलशील? किती जण बोलले म्हणून सांगू! आणि पुष्कळदा जे लपवलेलं असायचं त्याचा गुन्ह्याशी काडीचा संबंध नसायचा. ते मी ऐकून घ्यायचो आणि कागदावर येऊ द्यायचो नाही.

पण त्या बाईची माफी मी मागितली नाही. अमीनानं रयतेची माफी मागायची रीत नव्हती, आणि रीत मोडायची हिंमत माझ्यात नव्हती. पुढे एकदा कामानं घनसावंगीला गेलो होतो. तिचं गाव तिथून दोन-तीन कोसांवर. घोड्यावर खोगीर चढवायला सांगितलं, मग उतरवायला सांगितलं, आणि परत आलो.